रक्तवाहिनीला बिलगलेली ती पेशी कोण? हाडाचे कॅन्सर आणि पेरिसाइट

ऑस्टिओसार्कोमा या हाडाच्या कॅन्सरच्या स्लाइडवर अल्फा-एसएमए या स्नायुप्रथिनाचं स्टेनिंग केलं, म्हणजे ते प्रथिन रंगवलं, की रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने तपकिरी, लांबट पेशी उठून दिसतात. ‘हे पेरिसाइट’ असं लिहून पुढे जाणं फार सोपं असतं. पण हाडाच्या गाठीत ती पेशी खरोखर पेरिसाइट असेल, मायोफायब्रोब्लास्ट (आकसणारी तंतुपेशी) असेल, किंवा चक्क गाठीचीच पेशी असेल. तिघींचा रंग एकच. हाडाच्या कॅन्सरमध्ये पेरिसाइट काय करतात, या प्रश्नावरचा बराचसा गोंधळ या एका चुकीतून आलेला आहे असं माझं ठाम मत आहे. म्हणून आधी ओळख, मग भूमिका.

पेरिसाइट म्हणजे केशवाहिनीला बाहेरून कवटाळून बसलेली पेशी. केशवाहिनीची भिंत एंडोथेलियल पेशींच्या एकाच थराची असते आणि त्या थराभोवती बेसमेंट मेम्ब्रेनचं पातळ आवरण असतं. पेरिसाइट या आवरणाच्या बाहेर नसते, आत असते; आवरण दोघींचं सामायिक. ही जागा हीच तिची सर्वांत भरवशाची खूण. १८७०च्या दशकात एबर्थ आणि रूझे यांनी या पेशींचं वर्णन केलं, १९२३मध्ये झिमरमन यांनी ‘पेरिसाइट’ हे नाव दिलं, आणि या सगळ्यांच्या हाताशी होता तो फक्त आकार आणि जागा. मार्कर, म्हणजे पेशी ओळखायच्या खुणेची प्रथिनं, फार नंतर आले. पेरिसाइटचं प्रमाणही अवयवागणिक बदलतं. डोळ्याच्या पडद्यात जवळपास प्रत्येक एंडोथेलियल पेशीमागे एक पेरिसाइट असते, तर हातापायांच्या स्नायूंत शंभरामागे एखादी.

दोघींमधला संवाद समजून घेतला की पुढचं सगळं सोपं जातं. एंडोथेलियल पेशी पीडीजीएफ-बी हे प्रथिन सोडते, पेरिसाइटवरचा पीडीजीएफआर-बीटा हा रिसेप्टर ते पकडतो आणि पेरिसाइट वाहिनीकडे ओढली जाते. उंदरांत या दोन्हीपैकी कोणतंही एक जनुक काढून टाकलं तरी केशवाहिन्या जागोजागी फुगतात आणि पिल्लं जन्माच्या आसपास रक्तस्रावाने दगावतात. उलट दिशेने पेरिसाइट अँजिओपॉइटिन-१ पाठवते. ते एंडोथेलियल पेशीवरच्या टाय२ रिसेप्टरवर बसतं आणि वाहिनी स्थिरावते. अँजिओपॉइटिन-२ या कामात बिब्बा घालतं. गाठींमध्ये ते मुबलक असतं आणि त्यामुळे वाहिन्या कायम अर्धवट, अस्थिर राहतात.

आता हाड. इथे पेरिसाइटचं काम वाहिनीला आधार देण्यापुरतं राहत नाही. हाड वाढतं ते रक्तवाहिनीच्या मागोमाग. गर्भातल्या कूर्चेत रक्तवाहिनी शिरते तेव्हा हाड बांधणाऱ्या पेशींच्या पूर्वज पेशी तिच्याबरोबरच आत जातात, काही तर पेरिसाइटसारख्या तिला चिकटून. उंदरांत हे २०१०मध्ये थेट दाखवलं गेलं. २०१४मध्ये हाडातल्या केशवाहिन्यांचे दोन प्रकार वेगळे केले गेले. ‘एच’ प्रकारच्या वाहिन्या वाढीच्या पट्टीजवळ, म्हणजे मेटाफिसिसमध्ये आणि हाडाच्या आतल्या पृष्ठभागाला लागून असतात, त्यांच्याभोवती हाड बांधणाऱ्या पूर्वज पेशींची गर्दी असते आणि वयाबरोबर त्या कमी होत जातात. ‘एल’ प्रकार म्हणजे मज्जेतल्या पसरट, रुंद केशवाहिन्या, म्हणजे सायनसॉइड. त्यांच्याभोवती नेहमीच्या पेरिसाइटऐवजी लांब फांद्यांच्या, लेप्टिन रिसेप्टर असलेल्या पेशी असतात, ज्या सीएक्ससीएल१२ हे रसायन भरपूर बनवतात. मज्जेतल्या धमनिकांभोवती मात्र एनजी२ हा मार्कर दाखवणाऱ्या पेशी असतात. एकाच हाडात, काही मिलिमीटरच्या अंतरात, वाहिनीला बिलगलेल्या पेशींचे इतके प्रकार आहेत. ‘हाडातला पेरिसाइट’ असं एकवचनी बोलणं म्हणूनच फसवं ठरतं.

ऑस्टिओसार्कोमा बहुतांशी कुठे आणि कधी होतो ते आठवून पाहा. किशोरवयात, उंची झपाट्याने वाढत असताना, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, नडगीच्या वरच्या टोकाला किंवा दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला, आणि तोही मेटाफिसिसमध्ये. एच प्रकारच्या वाहिन्यांचा आणि त्यांच्याभोवतीच्या पूर्वज पेशींचा बहर असतो तोच हा काळ आणि तीच ही जागा. जुळणी लक्षवेधी आहे. पण जागा जुळली म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. वाढीच्या पट्टीजवळ सगळ्याच पेशी वेगाने विभागत असतात.

मग गाठ पेरिसाइटपासूनच सुरू होऊ शकते का? २०१६मध्ये एका संशोधन गटाने उंदरांतल्या एनजी२ दाखवणाऱ्या पेशींमधून पी५३ हे गाठींना आवर घालणारं जनुक काढून टाकलं. त्या उंदरांना हाडाचे आणि मऊ ऊतींचे सार्कोमा झाले, ऑस्टिओसार्कोमाही झाला. गाठ कोणत्या वळणाची होणार यात बीटा-कॅटेनिन या प्रथिनाचा हात असल्याचंही दिसलं. म्हणजे असं घडू शकतं. माणसात असंच घडतं का, हा पुढचा प्रश्न आणि तो उंदराच्या प्रयोगाने सुटत नाही. शिवाय एनजी२ हा फक्त पेरिसाइटचा मार्कर नाही. वाढत्या हाडात इतरही पूर्वज पेशी तो दाखवतात. ऑस्टिओब्लास्टच्या (हाड बांधणाऱ्या पेशीच्या) वंशातल्या पेशींतून पी५३ काढलं तरी उंदरांत ऑस्टिओसार्कोमा होतो. माझ्या वाचनाप्रमाणे पेरिसाइट हा या रोगाच्या अनेक संभाव्य उगमांपैकी एक आहे.

पेरिसाइट म्हणजे मूळपेशी, हे समीकरणही जरा सांभाळून वापरायला हवं. २००७ आणि २००८ मध्ये मानवी ऊतींवर झालेल्या कामातून असं दिसलं की सीडी१४६ दाखवणाऱ्या, वाहिनीभोवतीच्या पेशी वेगळ्या काढून वाढवल्या तर त्या हाड, चरबी, कूर्चा बनवू शकतात. २०१७मध्ये उंदरांतल्या टीबीएक्स१८ दाखवणाऱ्या म्यूरल पेशींचा, म्हणजे पेरिसाइट आणि वाहिनीच्या गुळगुळीत स्नायुपेशींचा, वंश जिवंत शरीरात मागे मागे शोधला गेला, तेव्हा हृदय, मेंदू, स्नायू आणि चरबीत त्या आपला पेशा सोडताना दिसल्या नाहीत. दोन्ही निकाल खरे आहेत. प्लॅस्टिकच्या डिशमध्ये पेशी काय करू शकते आणि शरीरात ती काय करते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. हाडात मात्र लेप्टिन रिसेप्टरच्या पेशी शरीरातही हाड बनवतात, हे उंदरांत पक्कं ठरलेलं आहे, म्हणून हाडाला इतर अवयवांचा नियम सरसकट लावता येत नाही.

नावाने फसण्याचा धडा तर या विषयाने आधीच घेतलेला आहे. १९४२मध्ये स्टाउट आणि मरे यांनी ‘हेमँजिओपेरिसायटोमा’ हे निदान मांडलं, कारण सांबराच्या शिंगांसारख्या फाटे फुटलेल्या वाहिन्यांभोवतीच्या पेशी त्यांना पेरिसाइट वाटल्या. पुढे त्यातल्या बहुतेक गाठी सॉलिटरी फायब्रस ट्यूमर निघाल्या आणि २०१३मध्ये त्यांच्यातलं एनएबी२-एसटीएटी६ हे जोडजनुक (दोन जनुकं जुळून बनलेलं एक) सापडलं. शरीरातलं फॉस्फेट लघवीवाटे वाहून नेणाऱ्या काही गाठीही याच नावाखाली नोंदवल्या गेल्या होत्या. वाहिनीभोवतीच्या पेशींच्या खऱ्या गाठी म्हणजे ग्लोमस ट्यूमर आणि मायोपेरिसायटोमा. नखाखालचा ग्लोमस ट्यूमर बोटाच्या शेवटच्या हाडाला खड्डा पाडतो, म्हणून एक्स-रेवर तो हाडाचाच आजार वाटू शकतो. तो जवळपास नेहमी साधा, म्हणजे कॅन्सर नसलेला, असतो.

स्लाइडवर ओळख पटवायची तर काम ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला ऊतीचा तुकडा, बनवण्यापासून सुरू होतं. हाडाचे ३ ते ५ मिलिमीटर जाडीचे काप १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये पूर्ण फिक्स होऊ द्यायचे. फिक्सेशन अपुरं असताना आम्लात टाकलेलं हाड पुढे कोणत्याच स्टेनला नीट साथ देत नाही. त्याआधी, ग्रॉसिंगच्या, म्हणजे नमुना कापण्याच्या, टेबलावरच, गाठीचा जो भाग सुरीने सहज कापला जातो तो वेगळा काढून त्याचा डीकॅल्सिफिकेशन (हाडातलं कॅल्शियम काढणं) न केलेला ब्लॉक बनवायचा. या एका सवयीने निम्म्या अडचणी टळतात, कारण पुढे जनुकीय तपासणी लागली तर तोच ब्लॉक कामाला येतो. कॅल्शियम काढायला हायड्रोक्लोरिक किंवा नायट्रिक आम्ल घाईच्या वेळी वापरलं जातं. त्यात डीएनए तुटतो आणि अनेक अँटिजेन, म्हणजे स्टेन ज्यांना पकडतो ती प्रथिनं, नष्ट होतात. पेरिसाइट पाहायचे असतील तर ईडीटीए हे कॅल्शियम हळूहळू काढणारं रसायन वापरावं. १० ते १४ टक्के, पीएच ७.२ ते ७.४, द्रावण तुकड्याच्या निदान वीसपट, आणि ते वरचेवर बदलायचं. काही दिवसांपासून काही आठवडे लागतात. झालं की नाही हे एक्स-रे काढून ठरवावं. सुई टोचून पाहिली की नेमक्या तपासायच्या जागी भोकं पडतात.

पुढची अडचण अँटिजेन रिट्रीव्हलची, म्हणजे फॉर्मलिनने झाकलेली ती प्रथिनं उष्णतेने पुन्हा उघडी करण्याची. बफर उकळला की हाडाचा छेद काचेवरून सुटून तरंगू लागतो. चार्ज्ड स्लाइड वापरून, सुमारे ६० अंश सेल्सिअसला रात्रभर रिट्रीव्हल केलं तर छेद टिकतो. कंट्रोल, म्हणजे स्टेन चालला का हे पडताळणारा नमुना, म्हणून टॉन्सिल किंवा अपेंडिक्स लावायचं असेल तर त्यालाही तेवढाच वेळ त्याच ईडीटीएतून न्यायचं, नाहीतर कंट्रोल उत्तम आणि हाड कोरं असा निकाल येतो आणि तो खोटा निगेटिव्ह आहे हे कळायला मार्ग उरत नाही. त्याच छेदातली साधी धमनिका हा सर्वांत चांगला आतला कंट्रोल. तिची भिंत रंगली नाही तर गाठीबद्दल काहीच बोलू नये.

एकाच मार्करवर कधीही विसंबू नये. अल्फा-एसएमए निरोगी केशवाहिन्यांच्या पुष्कळशा पेरिसाइटमध्ये नसतोच, आणि मायोफायब्रोब्लास्टमध्ये भरपूर असतो. म्हणजे तो एकाच वेळी कमीही मोजतो आणि जास्तही. पीडीजीएफआर-बीटा तंतुपेशींतही दिसतो. एनजी२ आणि सीडी१४६ ऑस्टिओसार्कोमाच्या पेशींवरही सापडतात. आरजीएस५ बरा आहे, पण तोही फक्त पेरिसाइटचा नाही. म्हणून निदान तीन गोष्टी एकाच छेदात हव्यात: एंडोथेलियमसाठी सीडी३१, पेरिसाइटसाठी एनजी२ किंवा पीडीजीएफआर-बीटा, आणि बेसमेंट मेम्ब्रेनसाठी कोलॅजन ४. कोलॅजनच्या रेषेच्या आत असलेली, सीडी३१ निगेटिव्ह आणि पेरिसाइटचा मार्कर दाखवणारी पेशीच मोजायची. रेषेबाहेरची सोडून द्यायची, ती कितीही गडद रंगलेली असली तरी.

एंडोथेलियमच्या मार्करनाही हाडात सापळे आहेत. सीडी३१ मॅक्रोफेज आणि मेगाकॅरिओसाइटनाही रंगवतो, मज्जेत दोन्ही असतात. मज्जेतल्या सायनसॉइडवर सीडी३४ बरेचदा फिका पडतो. युइंग सार्कोमा या हाडाच्या दुसऱ्या कॅन्सरमध्ये एफएलआय१ हा मार्कर वाहिन्या दाखवायला वापरणं म्हणजे अख्खी स्लाइड तपकिरी करणं, कारण त्या गाठीत सुमारे ८५ टक्के वेळा ईडब्ल्यूएसआर१-एफएलआय१ हेच जोडजनुक असतं. उरलेल्यांतल्या काहींत एफएलआय१च्या जागी ईआरजी असतं, मग ईआरजीचा स्टेनही तसाच फसवतो.

हेच जोडजनुक दुसऱ्या बाजूने मोठी मदत करतं. युइंगमध्ये वाहिनीलगतची पेशी गाठीची की बाहेरून आलेली, हे फिशने (जनुकांना चमकणारे रंग लावणाऱ्या तपासणीने) ईडब्ल्यूएसआर१ तुटलेलं आहे का ते पाहून ठरवता येतं. ऑस्टिओसार्कोमात अशी एकच ठरलेली खूण नाही. तिथे त्या रुग्णाच्या गाठीतला पी५३चा बिघाड किंवा एखाद्या जनुकाच्या वाढलेल्या प्रती आधी शोधून, त्याच वाहिनीलगतच्या पेशीत आहेत का हे पाहावं लागतं. फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे मार्करनुसार पेशी निवडणाऱ्या तंत्राने, पेरिसाइट वेगळे काढतानाही हाच धोका. सीडी१४६ पॉझिटिव्ह, आणि सीडी३१, सीडी३४, सीडी४५, सीडी५६ निगेटिव्ह हा नेहमीचा गेट, म्हणजे निवडीची चाळणी, निरोगी ऊतींसाठी ठीक आहे. ऑस्टिओसार्कोमात त्या गेटमधून गाठीच्या पेशीही आरामात आत येतात आणि मग डिशमध्ये ‘पेरिसाइट’ म्हणून कॅन्सरच वाढत राहतो. शुद्ध पेरिसाइट मिळाले तरी ते काही पॅसेजनंतर (नव्या डिशमध्ये वाढवण्याच्या फेऱ्यांनंतर) अल्फा-एसएमए वाढवून तंतुपेशींसारखे वागू लागतात, म्हणून सुरुवातीच्या पॅसेजमध्येच प्रयोग उरकावेत.

मोजणीचं एवढंच: ४ मायक्रॉनच्या छेदात पेरिसाइटची बारीक फांदी सहज हुकते आणि झाकलेली वाहिनी उघडी भासते. कव्हरेज, म्हणजे वाहिनी किती झाकली आहे, हा मुख्य प्रश्न असेल तर ५० ते १०० मायक्रॉनचे जाड छेद कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर पाहावेत. केमोनंतरच्या गाठीत मेलेला भाग मोजणीतून वगळावा. आणि ‘झाकलेल्या वाहिन्यांची टक्केवारी’ की ‘वाहिनीच्या परिघाचा झाकलेला हिस्सा’, यातलं काय मोजलं ते लिहावंच, कारण एकाच गाठीत दोन्हींचे आकडे खूप वेगळे येतात.

इतकं सांगण्याचं कारण असं की ‘गाठीतल्या वाहिन्यांवर पेरिसाइट नसतात’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरत आलं आहे. २००२मध्ये उंदरांच्या तीन वेगवेगळ्या गाठींत काळजीपूर्वक पाहिलं तेव्हा बहुसंख्य वाहिन्यांवर पेरिसाइट सापडले. फक्त ते सैल होते, भिंतीपासून सुटलेले, फांद्या भलतीकडे पसरलेले. त्यामुळे वाहिनी गळते, गाठीतला दाब वाढतो, औषध नीट आत पोचत नाही आणि ऑक्सिजनची टंचाई होते. ऑस्टिओसार्कोमाच्या केमोचा निकाल शस्त्रक्रियेनंतर मेलेल्या भागाच्या टक्केवारीवर जोखला जातो आणि ९० टक्के किंवा त्याहून जास्त म्हणजे चांगला प्रतिसाद धरतात. त्यामुळे औषध पोचण्याचा प्रश्न इथे अगदी व्यवहाराचा आहे.

युइंगमध्ये पेरिसाइट कुठून येतात याचं एक चांगलं उत्तर ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमधल्या युजीनी क्लाइनरमन यांच्या गटाने दिलं. त्यांच्या उंदरांतल्या प्रयोगांत मज्जेतल्या पेशी गाठीकडे आल्या आणि त्यांतल्या काहींचे पेरिसाइट झाले. त्यांना बोलावणारं रसायन सीएक्ससीएल१२, आणि त्याच्यामुळे पीडीजीएफ-बी वाढत होतं. हा रस्ता अडवला की मज्जेतून आलेले पेरिसाइट घटले आणि वाहिन्यांचा विस्तारही घटला.

मग सरळ पेरिसाइटच काढून टाकले तर? कल्पना आकर्षक आहे आणि तिच्या बाजूने पुरावाही होता. १९९९मध्ये दिसलं की व्हीईजीएफ हे वाहिन्या वाढवणारं प्रथिन काढून घेतल्यावर पेरिसाइट नसलेल्या वाहिन्या आधी कोसळतात, पेरिसाइट असलेल्या तग धरतात. २००३मध्ये उंदरांच्या स्वादुपिंडाच्या गाठीत व्हीईजीएफ आणि पीडीजीएफ दोन्ही रस्ते अडवल्यावर एकट्यापेक्षा जास्त परिणाम झाला. पण २००६मध्ये, पुन्हा त्याच प्रकारच्या गाठीत, पेरिसाइट कमी असलेल्या उंदरांत कॅन्सर दूरवर जास्त पसरला. २०१२मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या उंदरांत पेरिसाइट घटवल्यावर गाठ लहान झाली आणि फुप्फुसातला प्रसार वाढला. ऑक्सिजन कमी पडला की पेशी अधिक आक्रमक होतात, आणि गळक्या भिंतीतून बाहेर पडायला त्यांना वाट मिळते. ऑस्टिओसार्कोमात माणूस दगावतो तो बहुतेकदा फुप्फुसातल्या प्रसाराने. ज्या रोगात मूळ गाठ शस्त्रक्रियेने काढता येते आणि खरा शत्रू फुप्फुसात असतो, तिथे गाठ लहान करून प्रसार वाढवण्याचा धोका पत्करणं मला अजिबात पटत नाही.

फुप्फुसातले पेरिसाइटही गप्प बसलेले नसतात. २०१७मध्ये उंदरांत असं दिसलं की दूरच्या गाठीच्या संदेशांमुळे फुप्फुसातल्या वाहिनीलगतच्या पेशी केएलएफ४ हे जनुक चालू करतात, आपली जुनी ओळख सोडतात आणि फायब्रोनेक्टिन हे चिकट प्रथिन पसरून येणाऱ्या कॅन्सर पेशींसाठी जागा तयार करतात. केएलएफ४ काढल्यावर प्रसार कमी झाला. पेशी मारण्यापेक्षा तिला तिच्या मूळ कामावर ठेवणं, ही दिशा मला जास्त आशादायक वाटते.

औषधांकडे याच नजरेने पाहावं. रेगोराफेनिब व्हीईजीएफआर (व्हीईजीएफचा रिसेप्टर), टाय२ आणि पीडीजीएफआर-बीटा अशा अनेक रिसेप्टरना अडवतं. परतलेल्या किंवा पसरलेल्या ऑस्टिओसार्कोमाच्या रेगोबोन चाचणीत, २०१९मध्ये, आठ आठवड्यांनी रोग न वाढलेले रुग्ण औषधाच्या गटात २६पैकी १७ आणि प्लासिबोच्या (औषध नसलेल्या गोळीच्या) गटात १२पैकी एकही नाही, असा निकाल आला. कॅबोझँटिनिबच्या चाचणीत, २०२०मध्ये, ऑस्टिओसार्कोमाच्या ४२पैकी ५ आणि युइंगच्या ३९पैकी १० रुग्णांच्या गाठी लक्षणीय लहान झाल्या. हे फायदे खरे आहेत, मात्र मर्यादित काळाचे आहेत. ते पेरिसाइटच्या खात्यावर मात्र मांडता येत नाहीत, कारण ही औषधं एंडोथेलियम, पेरिसाइट आणि गाठीची पेशी या तिघांवरही पडतात. पीडीजीएफ रिसेप्टर अडवणारं इमॅटिनिब एकटं दिलं तेव्हा ऑस्टिओसार्कोमात फारसं काही हाती लागलं नव्हतं, हेही ध्यानात ठेवावं.

ही औषधं चालू असताना वाहिन्यांची दुरुस्ती मंदावते, त्याचे परिणाम रुग्णाच्या रोजच्या देखभालीत उमटतात. रक्तदाब वाढतो, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे तो वरचेवर मोजावा लागतो. तळहात-तळपाय लाल होऊन दुखतात. जखम उशिरा भरते. म्हणून ठरवून करायच्या शस्त्रक्रियेआधी रेगोराफेनिब निदान दोन आठवडे आणि कॅबोझँटिनिब निदान तीन आठवडे थांबवतात, आणि जखम नीट भरल्याशिवाय पुन्हा सुरू करत नाहीत. दात काढायचा असला तरी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आधी कळवावं. फुप्फुसाच्या आवरणालगत गाठी असतील तर औषध लागू पडल्यावरच धोका उद्भवू शकतो: गाठ आतून पोकळ होते, फुटते आणि छातीत हवा शिरते. अचानक एका बाजूला टोचून दुखू लागलं, धाप लागली, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी छातीचा एक्स-रे काढून घ्यावा.